झाकण विभागाची सरसकट बढती

छातीवर लावायच्या बिल्ल्याची लांबी ठरलेली असते. त्यामुळे त्यावरचं पद जितकं मोठं, तितकं अक्षर बारीक होत जातं. आमच्या कारखान्यात हे प्रमाण मी नीट निरखलं आहे. 'हमाल' हा शब्द दालनाच्या दुसऱ्या टोकावरून वाचता येत असे. 'वरिष्ठ वहन व्यवस्थापक' वाचायला छातीशी नाक न्यावं लागतं, आणि छाती पैलवानाची असल्यामुळे (आमच्या हमालाला सगळे पैलवानच म्हणतात) तसं सहसा कुणी करत नाही.

आम्ही डोळ्यांत घालायचे थेंब बनवतो. मी प्रयोगशाळेत असते. थेंब स्वच्छ आहेत का, हे पाहणं माझं काम. थेंब स्वच्छ असतात. शेजारच्या दालनात बाटल्यांना झाकणं बसवणारं यंत्र आहे. त्याच्यापुढे पूर्वी एक पारदर्शक आडपडदा होता. तो असला की माणसाचा हात आत जात नाही आणि यंत्र जरा सावकाश चालतं. मागे एकदा तो धुवायला म्हणून काढला. धुणं अजून चालू आहे.

यंत्रावर मावशी असत. त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेल्यावर त्यांना खोकी मोजायला बसवलं आणि यंत्रावर त्यांच्या सुनेला घेतलं. (रिकामी जागा घरातल्याच माणसाला देण्यात व्यवस्थापनाचा जिव्हाळा दिसतो.) मावशी हाताने खोकी मोजतात आणि डोळ्यांनी यंत्राकडे बघतात, त्यामुळे खोक्यांचा आकडा कधीच जुळत नाही.

आडपडदा परत मिळावा म्हणून कामगारांनी संघटना करायचं मनावर घेतलं. कायदा या बाबतीत फार उदार आहे. कोणताही कामगार संघटना करू शकतो. तो कामगार असला म्हणजे झालं. मनुष्यबळ विभागाच्या साहेबांनी कायदा आमच्यापेक्षा लक्षपूर्वक वाचला होता. जो दुसऱ्यावर देखरेख करतो तो कामगार नव्हे, असा त्यांनी अर्थ काढला, आणि पुढच्याच आठवड्यात अख्ख्या विभागाला बढती दिली. मावशी 'उपव्यवस्थापक (खोकी)' झाल्या, सून 'व्यवस्थापक (झाकणे)'. पगार होता तोच राहिला. जादा कामाचा मोबदला मात्र थांबला, कारण घड्याळाकडे बघणं अधिकाऱ्याला शोभत नाही.

अडचण एकच होती. देखरेख करायची तर हाताखाली कुणीतरी लागतं, आणि खाली कुणी उरलंच नव्हतं. साहेबांनी त्यातूनही वाट काढली. मावशींच्या हाताखाली पैलवान, पैलवानाच्या हाताखाली सून आणि सुनेच्या हाताखाली मावशी. सेंद्रिय रसायनात अशी काही वलयं अतिशय स्थिर असतात, ती मोडायला बरीच ऊर्जा लागते, असं मी साहेबांना सांगितलं. त्यांनी माझे आभार मानले.

आता सासूची रजा सून मंजूर करू लागली.

"आई, अर्ज कुठाय?"

"अगं, सकाळी भाजी चिरताना सांगितलं ना तुला?"

"ते स्वयंपाकघर. तिथे तुम्ही वरिष्ठ."

मावशींनी आडपडद्याविषयी रीतसर तक्रार केली. ती त्यांच्या वरिष्ठांकडे, म्हणजे सुनेकडे गेली. सुनेने शिफारस करून ती पैलवानाकडे दिली. पैलवानाने तिच्यावर योग्य वाटलेल्या जागी अंगठ्याएवढी सही ठोकून ती आपल्या वरिष्ठांकडे पाठवली. दुपारच्या चहापर्यंत तक्रार निर्णयासाठी मावशींच्या पुढ्यात होती. अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणे त्यांनी तिच्यावर 'विचाराधीन' असा शेरा मारला.

बढती परत करणं, हा एकच उपाय उरला. सायकलींच्या शेडमध्ये त्यावर वरचेवर चर्चा होई. मी घेतलेल्या अंदाजानुसार संघटना शंभर टक्के लोकांना हवी होती. दुसऱ्याने आधी पद सोडल्यास आपलं सोडायला शंभर टक्के लोक तयार होते. आधी सोडायला तयार असलेले शून्य टक्के. (अशा स्थितीला समतोल म्हणतात.)

"सासऱ्याने जन्मात पहिल्यांदा मला खुर्ची दिली," पैलवान म्हणाला. "आता त्याला काय सांगू?"

"सांग, कंबर धरलीय, उभाच बरा," सून म्हणाली.

मावशींचं कारण अधिक वजनदार होतं. त्यांच्या लेकीला सासरी उठता-बसता माहेरचं ऐकून घ्यावं लागे. विहीणबाई उपव्यवस्थापक झाल्याचं कळल्यापासून ते बंद झालं होतं. "पोरीला जरा मोकळा श्वास मिळालाय," त्या म्हणायच्या. "थोडं थांबू." थोडं थांबण्याचा ठराव दर वेळी एकमताने होई.

मग एका दुपारी यंत्राने सुनेच्या हातमोज्याचं टोक नेलं. बोट जेमतेम वाचलं. साहेबांनी तत्परतेने नवा हातमोजा दिला. त्या संध्याकाळी मावशी सुनेचा हात हातात धरून घरी गेल्या. रस्ता सरळ होता आणि रहदारीही नव्हती.

त्याच सुमारास कामगार खात्याचे अधिकारी भेटीला आले. सगळ्यांना दालनात उभं केलं.

"आमच्याकडे कामगारांची एकही तक्रार नाही," साहेब म्हणाले, आणि ते खरं होतं.

अधिकाऱ्यांनी यंत्राकडे पाहिलं, सुनेच्या हातांकडे पाहिलं. "मला फक्त कामगाराचं म्हणणं ऐकता येतं," ते म्हणाले. "इथे कामगार कोण आहे?"

कुणी हललं नाही. मीही नाही, मी निरीक्षण करत होते, माझं ते कामच आहे. हे सहानुभूतीने वाचणारे तुम्हीही कामगार नसणार. कुठेतरी समन्वयक, सल्लागार किंवा सहयोगी असाल, सुट्टीच्या दिवशी वरून फोन आला की जेवता जेवता उठत असाल, आणि असल्या संघटना दुसऱ्यांनी जरूर कराव्यात असं तुमचंही मत असेल. तेव्हा प्रश्न तुम्हालाही विचारला आहे असं समजा, आणि हवा तेवढा वेळ घ्या. आम्हीही घेतला.

मावशी पुढे आल्या.

"मावशी, तुम्ही व्यवस्थापनात आहात," साहेब हळूच म्हणाले. "लेकीच्या सासरी काय तोंड दाखवाल?"

मावशींनी सुनेकडे पाहिलं. "तू माझी वरिष्ठ. बोलू का?"

"बोला, आई."

"मी कामगार आहे," मावशी म्हणाल्या. "आणि माझी सूनसुद्धा. घ्या लिहून."