टाकीच्या अलीकडचा माळढोक

"सकाळी उठलीस की आधी आजची हद्द धर, मग चुलीला हात लाव. हद्दीपलीकडं पाऊल टाकायचं न्हाय." सासूबाई जाऊन कित्येक वर्षं झाली, पण रत्नाबाईंच्या कानात हा आवाज रोज पहाटे उमटायचा. आज कुठवर जायचं ते ठरवायचं आणि दिवसभर त्याच्या आत राहायचं, हे त्यांचं जैन व्रत. कोल्हापुरात ते सहज निभायचं. परमुलखात मात्र हद्द यजमानांना विचारून धरावी लागे.

यजमानांना, म्हणजे तात्यासोंना, निवृत्तीनंतर वाळवंटी अभयारण्यांचा नाद लागला होता. पहिल्या खेपेला सगळं घर कच्छच्या रणात जाऊन रानगाढवं बघून आलं. त्यावर शेजारच्या हंबीररावांनी विचारलं, "गाढवांसाठी एवढ्या लांब? पेठ वडगावच्या बाजारात न्हाईत व्हय?" तेव्हापासून तात्यासोंनी माळढोक पक्षी बघायचा पण केला होता. गेल्या वर्षी जैसलमेरला येऊन तो न दिसताच परतले. यंदा पुन्हा तिथंच आले, पण गुडघ्यांनी बजावलं होतं की ही शेवटची खेप.

म्हणून पहाटे रत्नाबाईंनी "आज कुठवर?" असं विचारलं तेव्हा दुर्बीण पुसता पुसता ते म्हणाले, "त्या पाण्याच्या टाकीपर्यंत असंल." रत्नाबाईंनी पुन्हा विचारलं. पुन्हा टाकीच.

दुपारी जीप टाकीपाशी पोचली. जीपवाल्यानं समोर बोट केलं. पलीकडच्या झुडपांमागं सकाळी माळढोक चरत होता म्हणे.

"थांबवा," रत्नाबाई म्हणाल्या. "टाकी आली."

पारसला आईचा स्वभाव ठाऊक होता. तरी त्यानं बघितलं सांगून. "आई, तू कुठं पाऊल टाकतीस? जीप जाणार हाय."

"आणि जीपमधी कोण बसलंय?"

मग त्यांना इथंच उतरवायचं ठरलं. जीपवाल्यानं कानाला हात लावले. अभयारण्यात खाली पाय ठेवायला बंदी होती. परत दारापर्यंत सोडून यावं, तर तोवर आत सोडायची वेळ संपत होती. पारसची बायको रुचिता म्हणाली, आईंनी नुसते डोळे मिटून घ्यावेत.

"डोळं मिटलं म्हणून हद्द सरकती व्हय गं?" रत्नाबाई शांतपणे म्हणाल्या.

तात्यासोंचा चेहरा तापला. "अगं, मग वाढीव की जरा."

"तुमीच सांगितली न्हवं? दोनदा विचारलं मी."

शेजारून दोन जीपगाड्या धुरळा उडवत पुढं गेल्या. तात्यासो त्यांच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी इंजिन बंद करायला लावलं, कुणी हलायचं नाही असा हुकूम सोडला आणि दुर्बीण डोळ्यांना लावली. बऱ्याच वेळानं ते स्वतःशीच पुटपुटले, "इकडं आला तर आजपासनं मावळतीनंतर अन्नाला शिवणार न्हाय."

ऐकलं ते शेजारी बसलेल्या रत्नाबाईंनी.

पुढं गेलेल्या गाड्यांतून माळढोक हुडकणाऱ्यांचा आरडाओरडा ऐकू आला. गवत हललं. पांढरी मान ताठ करून, डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखा तो पक्षी पावलं मोजत निघाला, तो थेट टाकीच्या अलीकडं येऊन सावलीत उभा राहिला. पारसनं आणलेली लांबची लेन्स एवढ्या जवळचं काही टिपेना. तात्यासो दुर्बीण खाली ठेवून नुसत्या डोळ्यांनी बघत बसले. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. वाळू गेली, असं त्यांनी नंतर सांगितलं.

संध्याकाळी मुक्कामी सगळे पर्यटक त्यांच्याभोवती जमले. गाड्या पुढं नेलेल्यांना शेपूटही दिसलं नव्हतं. तात्यासोंनी माळढोक तीनदा चालून दाखवला. रत्नाबाईंनी दिवस असतानाच दशम्यांचं गाठोडं सोडलं, नवऱ्याला एकदा जेवायला बोलावलं, आणि तो चौथ्यांदा चालू लागला तेव्हा एकट्याच खाऊन, पाणी पिऊन माळ घेऊन बसल्या.

निखाऱ्यातून बाट्या निघाल्या तेव्हा सूर्य वाळूत बुडाला होता. रुचितानं तुपात बुडवलेली बाटी सासऱ्यांच्या ताटात वाढली. तात्यासोंनी ती फोडली, वास घेतला आणि पश्चिमेकडं बघितलं. मग बायकोकडं बघितलं. रत्नाबाईंची माळ चालूच होती, नजर वर झाली नाही.

"तात्या, गरम हाय तवर घ्या की," पारस म्हणाला.

तात्यासोंनी ताट अलगद त्याच्याकडं सरकवलं, चपला शोधल्या आणि चुलीकडं पाठ करून खोलीच्या वाटेला लागले.