दोन बैलांची खोली

“नाना, भित हलाया लागली, आई आत हाय,” दगडू अंगणातून बोंबलत होता.

त्याचे वडील केरूनाना माजघरात दोन खिलार बैलांच्या मध्ये अडकले होते. भिंतीपल्याडच्या खोलीत दगडूची आई, सहा महिने अंथरुणाला खिळलेल्या आमच्या काकू. त्या खोलीला दार एकच, तेही माजघरातच, आणि दारात बैलाचं ढुंगण.

मी त्यांचा शेजारी. सांगतो ते सगळं खरं; थोडं वाढलं असेल तर तो इकडच्या पाण्याचा गुण. नाना घोडेगावच्या बाजारातले गुरांचे दलाल. टेपावर त्यांचा विश्वास नव्हता, जग ते बैलाने मोजत. माझ्या न्हाणीला ‘एका गोऱ्ह्याची’ म्हणून हिणवलं, आणि माझ्या होणाऱ्या जावयाला पसंतीआधी तोंड उघडायला लावून दात तपासले.

दुष्काळात बाजार बसला, नाना घरी बसले आणि खूळ उठलं. मधली भिंत पाडून नवरा-बायकोची एकच मोठी खोली करायची. आमच्याकडे बाप्ये ओसरीवर झोपायचे, बाया आत. गाव तोंडाला पदर लावून हसलं.

गवंडी म्हणाला, “नाना, तुळई या भितीवर हाय. आदी टेकू लावू.”

“आदी माप,” नाना म्हणाले. दोन बाजा शेजारी मावतील का, हे बघायला त्यांनी बैलजोडी आत घातली. बैल गेले, पण वळायला जागा नाही, आणि मागे सरणं खिलाराच्या रक्तातच नाही. एक बिथरला. त्याचं शिंग भिंतीत रुतलं. माती झरझर गळू लागली, तुळई करकरली.

गवंड्याने आणि दगडूने गोठ्याचा खांब आणला. तो लागेपर्यंत तुळई मी डोक्यावर धरली; तेव्हापासून मी दीड इंच बुटका आहे.

“भित आईवर जाईल,” दगडू पुटपुटला.

नानांनी वेसण धरली. “ये राजा, माज्याकडं ये,” म्हणत शिंगासकट बैल स्वतःकडे ओढला. भिंत आली ती नानांच्या अंगावर.

धूळ बसली. नाना मांडीपर्यंत मातीत. बैल आता ऐसपैस वळले आणि निघून गेले. बाजेवरून काकूंचे ओठ हलले. काय म्हणाल्या ते कळलं नाही.

माझा संयम सुटला. “नाना, या वयात मोठी खोली कशाला हवी होती तुम्हाला?”

नानांनी मिशीतली माती झटकली.

“हिचा आवाज लई बारीक झालाय. भितीपल्याडनं हाक ऐकू येत न्हाई.”