कुलपातल्या काडेपेट्या

व्यवस्थापकांच्या खोलीत तात्यासाहेबांची काडी पेटली नाही. दुसरीही नाही. ओठांत चिरूट तसाच थांबलेला आणि पेटीच्या कडेवर काडी घासल्याचा तो मऊ, ओशाळा आवाज. तात्यासाहेब कारखान्याचे मालक होते, आणि काडेपेटी त्यांच्याच कारखान्याची होती.

"लहरीपुऱ्याच्या बाजारातून माल परत येतोय," ते अखेर म्हणाले. "दुकानदार मला म्हणतो, 'शेठ, आ दीवासळी नथी, दांतखोतरणी छे.' आपल्या काड्या दात कोरायच्या म्हणे! काय चाललंय, उदयसिंहराव?"

व्यवस्थापक उदयसिंहरावांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या शिलेदारी चालत आलेली. समोर शत्रू दिसला नाही की त्यांना चुकल्याचुकल्यासारखे होई. आता तो दिसला.

"मजूर मंडळ," ते म्हणाले. "पेट्या भरणाऱ्या बायांनी मंडळ काढलं आणि माल थंडावला. गंगाबाई त्यांची म्होरकी. तिला काढली की बाकीच्या सुतासारख्या सरळ येतील."

"उद्या येतो. पुरावा दाखवा, मग काढा."

कोपऱ्यात उभ्या असलेल्या दत्तात्रेयाला, व्यवस्थापकांच्या मदतनिसाला, गंगाबाईंपेक्षा त्या काडीचेच कोडे पडले. वैशाखात, जेव्हा महाराज विलायतेला गेलेले असतात आणि गावाबाहेर तरसालीच्या वाटेवरचे दगडसुद्धा धग ओकतात, तेव्हा काडीला न पेटण्याची विद्या कोण शिकवत असेल?

तो शेडमध्ये गेला. पत्र्याखाली हवा नुसती थरथरत होती. गंगाबाईंच्या टेबलावरची एक पेटी उचलून त्याने काडी ओढली. ती फर्रकन पेटली. दुसरीही.

"काय दत्तात्रेयराव, शेड जाळायला आलात?"

"माल तपासतोय, बाई."

"आमच्या हातून सुटतो तेव्हा गुणाचा असतो. पुढं गोदामात कुणाची संगत लागते, ते आम्हाला काय ठाऊक? मला काढणार म्हणतात ना? घरात कमावणारी मी एकटी आहे, तेवढं सांगा साहेबांना."

दत्तात्रेयाने सांगितले. उदयसिंहरावांनी त्यातले सोयीचे तेवढे ऐकले. "म्हणजे बाया गोदामात शिरून फितुरी करतात. पहारा बसवा."

पागेतून निवृत्त झालेले मल्हारराव गोदामात बसले. दुपारी ते घोंगडी पांघरून, शिंकत बाहेर आले.

"कोण आलं होतं?"

"चिटपाखरू नाही, सरकार. पण झोप अशी लागली, जणू अबूच्या पहाडावर."

"गुंगीचं औषध," उदयसिंहराव दत्तात्रेयाच्या कानाशी म्हणाले.

आता त्यांचा विश्वास फक्त स्वतःवर उरला. शेडमधून निघालेला ताजा माल त्यांनी थेट आपल्या खोलीत आणवला, खुर्चीभोवती त्याची तटबंदी रचली, बाहेरून कुलूप लावून घेतले आणि रात्रभर आत बसून राहिले. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या होत्या; बाहेरून शिपाई त्यांवर पाणी मारी आणि खोलीत एक हिरवा, सुगंधी काळोख दाटे. कुलूप लागण्यापूर्वी दत्तात्रेयाचा हात खोली आणि गोदामाच्या मधल्या भिंतीतल्या जाळीला लागला. जाळी पाझरत होती.

"साहेब, इथली हवा फार ओलसर आहे."

"म्हणून तर डोकं चालतं माझं."

सकाळी तात्यासाहेब आले. गंगाबाईंना दाराशी उभे करण्यात आले.

"हा माल माझ्या नजरेखालून हललेला नाही," उदयसिंहराव म्हणाले. "हा पेटेल, आणि मंडळाचं पाप उघडं पडेल." त्यांनी काडी ओढली. तिचे डोके चिखलासारखे पेटीला पुसले गेले. दुसरीचेही.

"रात्री इथे कोण होतं?" तात्यासाहेबांनी विचारले.

"मी."

"मग काढू कुणाला?"

दत्तात्रेयाला राहवले नाही. "पाणी ताटीवर पडतं, साहेब. वारा ताटीतून इथे येतो, आणि इथून त्या जाळीतून गोदामात."

तात्यासाहेबांनी ताटीवर तळवा टेकवला, तो ओला झालेला पाहिला. "ह्या ताट्या कुणी मागितल्या होत्या?"

"आम्ही," गंगाबाई म्हणाल्या. "शेडसाठी. मंडळाची पहिली मागणी तीच. मंजूर झाल्या, आणि लागल्या इथं."

तात्यासाहेबांनी ओला तळवा धोतराला पुसला. न्यायी म्हणून त्यांचा गावात लौकिक होता. "हा अन्याय झाला," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता ह्या ताट्या उतरवा आणि बायांच्या शेडला लावा."

उदयसिंहरावांचा चेहरा प्रथमच उजळला. "उत्तम. आता शेडमधला माल पेटला नाही, तर दोष कुणाचा हा प्रश्नच उरत नाही."

दत्तात्रेयाने तोंड उघडले. पण शिपायांनी ताट्या उचललेल्याही होत्या. ओसरीवरून शेडकडे पाण्याची एक रेघ निघाली.

"काय गंगाबाई," तात्यासाहेब मायेने म्हणाले, "मागणी पुरी झाली, नोकरीही राहिली. आता तरी मंडळाची काही तक्रार नाही ना?"

गंगाबाईंनी त्या रेघेकडे पाहिले, मग दत्तात्रेयाकडे. पदर कमरेला खोचला आणि त्या शेडकडे चालू लागल्या.