खाडीचं पाणी आणि मावशीची शुद्ध लोकर

"माझ्या प्रयोगशाळेत प्लॅस्टिकचा कणसुद्धा मला विचारल्याशिवाय शिरत नाही!" असं ग्रिसेल्डा हुएंचुर सांगायची, आणि सांगायची ती चिलीतल्या अख्ख्या चिलोए बेटाला. बाई समुद्रातल्या बारीक प्लॅस्टिकची शास्त्रज्ञ. तिच्या दारात नायलॉनचं जाकीट घालून गेलात की संपलंच! एकदा तर पाद्रीबाबांना तिनं भर थंडीत बनियनवर उभं केलं होतं. स्वतः मात्र ती एदेल्मिरा मावशीनं विणलेला केशरी स्वेटर घालून ऐटीत हिंडायची. बेटावरच्या मेंढ्यांची शुद्ध लोकर! त्या स्वेटरवर तिचा देवापेक्षा जास्त भरवसा.

तर त्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपल्यावर सगळं गाव सभागृहात जमलं. शिंपल्यांची शेती करणाऱ्या कंपनीला खाडीत थर्मोकोलचे आणखी तरंगते ठोकळे सोडायचे होते आणि त्यासाठी गावाच्या सह्या हव्या होत्या. मॅनेजर आलिरो ओयार्सून कागद-पेन घेऊन पहिल्या बाकावर तयारच बसलेले. ग्रिसेल्डाचं म्हणणं, हे ठोकळे झिजतात, भुगा पाण्यात जातो आणि तिथून शिंपल्यांमार्फत आपल्या पोटात. आज ती ते सगळ्यांसमोर दाखवणार होती. नाही जमलं, तर खाडी हातची गेली!

"ही बरणी खाडीच्या पाण्याची," तिनं सुरुवात केली. "आणि ही स्वच्छ, गाळलेल्या पाण्याची. दोन्ही उघड्या ठेवते. इथल्या हवेतून काही पडलं तर ते दोन्हीकडे दिसेल. म्हणजे समुद्राचं काय आणि आपलं काय, ते कळेल."

आणि मग दोन्ही बरण्यांवर ओणवी होऊन, हात नाचवत तिनं जे भाषण ठोकलं म्हणता! ते संपल्यावर पाणी कागदांतून गाळलं, कागद सूक्ष्मदर्शकाखाली सरकवले आणि समोर पडद्यासारख्या टांगलेल्या चादरीवर चित्र उमटलं.

खाडीच्या पाण्यात पांढरा चुरा होता. आणि केशरी दोरे, ताटभर शेवयांसारखे! स्वच्छ पाण्यात चुरा नव्हता, पण दोरे? तेवढेच!

"डॉक्टरीणबाई," आलिरोसाहेब गोड आवाजात म्हणाले, "समुद्रानं तुमचा स्वेटर घातलाय की काय?"

सभागृह खदखदून हसलं.

"लोकर आहे ती! लोकर म्हणजे काही प्लॅस्टिक नव्हे!" ग्रिसेल्डा उसळली.

"मग जाळून दाखव की!" मागून कुणीतरी ओरडलं.

लोकर जाळली की केस जळल्याचा वास येतो आणि चिमूटभर राख उरते, हे या बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाजारातली भांडणं अशीच मिटतात. एदेल्मिरा मावशीला एकाएकी जोराचा ठसका लागला.

"राहू दे गं ग्रिसेल्डा, उसवेल तो!"

"उसवू दे! होऊनच जाऊ दे!"

तिनं बाहीचा दोरा ओढला आणि सभागृहाच्या कोपऱ्यातल्या चुलीत धरला. दोरा आक्रसला, वितळला आणि त्याची काळी टणक गोळी झाली. वास असा, की जणू बादली जळतेय!

"ज्यांना अंगावरचं प्लॅस्टिक ओळखता येत नाही, त्या समुद्रातलं ओळखणार!" आलिरोसाहेबांनी पेन उंचावलं. "चला, करा सह्या!"

दोघेतिघे उठलेसुद्धा. ग्रिसेल्डाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात मावशी उभी राहिली. "हो, बाजारातला दोरा आहे! काय म्हणणं आहे? माझ्या दारात मेंढ्या तीन आणि स्वेटर मागणारी माणसं बोट भरून! मेंढ्यांची सालटी काढू का? केशरी दोरे माझेच! पुढे बोला!"

ग्रिसेल्डाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"बोलते ना! दोरे दोन्ही बरण्यांत, म्हणजे माझ्या अंगावरचे. पांढरा चुरा फक्त खाडीच्या बरणीत! तो कुठल्या मावशीनं विणला, साहेब?"

आलिरोसाहेबांनी तोंड उघडलं, पण ऐकतंय कोण! तिनं स्वेटर काढून दाराबाहेर भिरकावला. दारं-खिडक्या उघडून, बाकं-टेबलं ओल्या फडक्यानं पुसून, नुसत्या सुती सदऱ्यात दात कडाकडा वाजवत तिनं नवं पाणी घेऊन सगळा प्रयोग पुन्हा केला. केशरी दोरे गायब. पांढरा चुरा खाडीच्या पाण्यात जसाच्या तसा!

"आता करा सह्या! बघतेच मी कोण करतंय ते!"

उठलेले बसले. कागद कोरा राहिला आणि आलिरोसाहेब पुढे आलेला माते चहा न पिताच निघून गेले. ग्रिसेल्डानं आनंदानं मावशीला मिठी मारली आणि मग तिला आठवलं की आपल्याला हिचा राग आलाय.

"मावशी, इतकी वर्षं मला फसवलंस!"

"बरं, पुरे. तो बाहेरचा स्वेटर आण इकडे आणि बाही शिवायला सुई दे. उद्या बोटीनं पर्यटक येतायत."

"पुन्हा शुद्ध लोकर म्हणून विकणार?"

"छे! मला काही लाजबीज आहे की नाही?" मावशी सुईत दोरा ओवत म्हणाली. "आता सांगणार, शास्त्रज्ञबाईंनी सगळ्या गावासमोर तपासलेला!"