सहा फुटांवरची प्रणाली

मोहफुलं आणि सॅनिटायझर यांच्या वासांचं काही दूरचं नातं असावं. चैत्रात आमच्या सिहोऱ्यात वाळत घातलेल्या मोहाचा गोड, आंबूस वास अंगणाअंगणातून रेंगाळत असतो. त्याला छेद देत एखादा तीव्र, थंड वास आला की समजावं, शेजारची प्रणाली येते आहे. साथ ओसरून वर्षं लोटली. गावानं मास्कची फडकी करून भांडी पुसली. प्रणालीच्या पिशवीत मात्र ती बाटली अजून आहे, आणि हातात रोवणीची दोरी.

भाताची रोपं सरळ ओळीत लागावीत म्हणून बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, ताणतात, ती ही दोरी. प्रणालीनं तिला सहा फुटांवर लाल चिंधी बांधली आहे. बोलायला आलेल्यानं चिंधीपलीकडे उभं राहायचं. कुणी रुसलं, तर ती शांतपणे म्हणते, "माया आपल्या जागी, दोरी आपल्या जागी."

भावाच्या लग्नात नव्या वहिनीला तिनं बांबूच्या कामटीला कापूस गुंडाळून दुरून कुंकू लावलं. प्रणालीची आत्या मांडवभर ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "पोरी, घरात वहिनी आणली का वाघीण?" प्रणालीनं कामटी पुसली आणि पुढच्या पाहुणीकडे वळली.

अशा मुलीच्या हाती आमच्या गावच्या चित्रपटाचा कॅमेरा गेला. शहरातून दोघं शिकवायला आली होती. कोरोनाच्या दिवसांत आपल्यावर काय गुजरलं, ते गावातल्या बारा तरुणांनी आपणच सांगायचं आणि आपणच मोबाइलवर चित्रित करायचं. प्रत्येकानं एकदा कॅमेऱ्यामागे, एकदा कॅमेऱ्यापुढे यायचं, हा नियम. मी निवृत्त मराठी शिक्षिका, म्हणून निवेदन लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं.

प्रणालीचा हात स्थिर, नजर नेमकी. त्यामुळे कॅमेरा बहुतेक तिच्याचकडे राही. पण अंतर काही सुटेना. ब्लाउजच्या उरलेल्या कापडांतून गावाला मास्क शिवून देणारा गोपाल तिच्या चित्रणात तांदळाच्या दाण्याएवढा दिसतो. शेजारची तणस खाणारी म्हैस तेवढी भरगच्च. ते पाहून गोपालनं विचारलं की मुलाखत म्हशीची घेतली असेल, तर त्याला उगाच न्हाऊन-धुऊन का बोलावलं.

अकरा जणांचं सांगून झालं. प्रणालीची पाळी आली की तिला कुणाचा तरी माइक नीट करायचा असे. रविवारी समाजमंदिरात चित्रपट दाखवायचा होता. तिचा भाग नसेल, तर नियमाप्रमाणे तिचं नावही नसेल, असं मुलांनी जड मनानं ठरवलं. खोडा माझं नाव, ती म्हणाली.

शुक्रवारी दुपारी ती माझ्या अंगणात आली. मोबाइल ओट्यावर ठेवून मागे सरली. म्हणाली, काकू, तुम्ही घ्या. ती पोरं मधेच उठून समजूत घालायला येतील. मी मोबाइल उचलला आणि सवयीनं आपल्या जागी उभी राहिले.

तिचे आबाजी, म्हणजे आजोबा, साथीत गेले, हे गावाला ठाऊक होतं. तेवढंच ठाऊक होतं.

"मी नागपूरवरून आली. मले काहीच नोहतं, ना ताप, ना खोकला. आबाजी ओसरीत बसून होते. मी सीधी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. ते केसातून हात फिरवत राहिले." पलीकडे भातगिरणी घरघरत होती. "मंग तपासणीत दोघायचं निघालं. मी बरी झाली. घरच्यायनं मले आजवर एक शब्द नाही म्हटला, काकू. म्हटला असता तं बरं झालं असतं."

शेवटचं वाक्य इतकं हळू होतं, की ऐकण्यासाठी मी नकळत एक पाऊल पुढे टाकलं. मग भान येऊन थबकले. आता ती मागे सरणार, हे मला माहीत होतं.

ती सरली नाही. पडद्यावर तिचा चेहरा अजून लहानसाच होता. तिनं आमच्यामधल्या मोकळ्या, सारवलेल्या जमिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आखीन जवळ या, काकू."