केशवअण्णांचा गुडघा

आमच्या राजाजीनगरच्या गल्लीत कुणाकडे बाळ होणार अशी कुणकुण लागली, की केशवअण्णा पेढ्यांची वाट बघत नाहीत. ते गाडीची किल्ली मागतात. चपला बाहेर काढून, देवळात शिरावं तसे मागच्या दारानं आत शिरतात, मागे ठेवलेल्या बाळाच्या खास सीटवर गुडघा रोवतात आणि गाडीचा पट्टा ओढून आवळतात. मग सीट दोन्ही हातांनी हलवतात. "बोटभर हलली तरी नापास." मूल जन्मायच्या आत त्याच्या बापाला नापास करणारा हा एकच माणूस मी पाहिलाय.

अण्णा सत्तरीचे. त्यांच्या घराण्याला बेंगळुरात किती पिढ्या झाल्या, ते त्यांनाही ठाऊक नाही. चामराजपेटेत त्यांचं गाड्यांची सीट कव्हरं शिवायचं दुकान होतं. दुकान गेलं, पण खिशातली छोटी कात्री राहिली.

माझी तर परीक्षाच सुरू होईना. पट्टा अडकवायचं बक्कल सापडत नव्हतं. गाडी मी जुनी घेतलेली, कव्हरांसकट, आणि बक्कल त्या कव्हराखाली गाडलेलं. अण्णा त्याच्या शिवणीवरून बराच वेळ बोट फिरवत राहिले. मग कात्रीनं कव्हर कापून बक्कल वर काढलं. "सरी, झालं. आता ओढ." मी सात वेळा नापास झालो.

खरी लढाई बेळ्ळंदूरच्या दवाखान्याबाहेर झाली. दुपट्यात गुंडाळलेली माझी तीन दिवसांची मुलगी आईनं छातीशी धरली होती. "एवढासा जीव पट्ट्यांनी बांधता? माझ्या मांडीवर येईल." आमच्या घरात आईपुढे कुणाची डाळ शिजत नाही.

आमच्यासोबत आलेल्या अण्णांनी डिकीतून पाच किलो नाचणीची पिशवी काढली. "अक्का, स्वल्प ही धरून बसा." मुलगी बायकोकडे देऊन आई पिशवी घेऊन मागे बसली. मी आवारातच गाडी हळू चालवली आणि अण्णांनी सांगितल्याबरोबर ब्रेक दाबला. पिशवी आईच्या पायाशी.

"घट्ट धरली होती मी," आई म्हणाली.

"माहीत आहे, अक्का. म्हणून पिशवी दिली."

आईनं स्वतःच दुपटं सोडलं. मुलीला सीटमध्ये ठेवून तिचे पट्टे लावले, दुपटं वरून पांघरलं. वाटेत एक ऑटो आडवी आली आणि मी खरोखरचा ब्रेक मारला. आईचा चष्मा घसरला. मुलीची झोपसुद्धा मोडली नाही. आईनं सीट हलवून पाहिली. "बोटभरही नाही हो, अण्णा."

गल्लीत अण्णा उतरले ते गदा जिंकलेल्या पैलवानासारखे.

संध्याकाळी पेढे घेऊन गेलो. अण्णा कात्री पुसत होते.

"तुझं कव्हर माझंच. शिवण ओळखली मी. गिऱ्हाइकं म्हणायची, बक्कल टोचतं, आत घाला. वीस वर्षं घातली. इतकी सफाईनं, की लोक कौतुक करायचे." मग हळूच म्हणाले, "त्या गाड्यांत पोरं बसत असतील रे."

 मी नुसता पेढा पुढे केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावर एक जुनी गाडी थांबली होती. अण्णा हातात कात्री घेऊन तिच्या अनोळखी मालकाची कन्नडमध्ये मनधरणी करत होते. चपला त्यांनी आधीच काढून ठेवल्या होत्या.