अनारसे परत द्या!

“यंदाची दिवाळी मिरजेत! मुदीर आडवा आला तर मुदीराच्या अंगावरून जाईन, पण पहिली अंघोळ आईच्या हातच्या उटण्यानेच!”

श्यामकांत देवस्थळीने ही गर्जना केली तेव्हा गणपतीसुद्धा बसायचे होते. स्थळ रियाध, ओलाया भागातल्या काचेच्या मनोऱ्यातलं एक ऑफिस. श्रोता शारीक, दापोलीचा. त्याच कंपनीच्या गोदामाचा इनचार्ज आणि श्यामकांतचा खोलीसोबती. मुदीर म्हणजे मोठे साहेब. आता साहेबांच्या अंगावरून जायचं तर वाटेत एक मुक्काम करावा लागला असता, असा त्यांचा विस्तार! पण श्यामकांतला त्याचं काय? इतर माणसांना राग येतो आणि जातो. श्यामकांतच्या हिशेबात राग फक्त जमेला पडायचा, खर्ची कधीच नाही. गेल्या तीन दिवाळ्यांचा शिल्लक होताच, त्यावर व्याजही चढलं होतं.

आणि नेमकं तेव्हाच सौदीकरण आलं.

सरकारने सांगितलं, प्रत्येक कंपनीत अमुक इतके सौदी लोक हवेतच. ऐकेल ती कंपनी हिरवी, टाळाटाळ करेल ती पिवळी, त्याहून नाठाळ ती लाल. यांची कंपनी कावीळ झाल्यासारखी पिवळी पडली होती. उतारा म्हणून मुदीर अबू फहदनी झैद नावाचा तरुण आणून श्यामकांतच्या शेजारी बसवला.

“याला खरेदीचं सगळं काम शिकव.”

“आणि माझी सुट्टी?”

“तू गेलास तर शिकवणार कोण?”

“आणि हा शिकला की?”

मुदीर प्रसन्न हसले. “मग बघू! इन्शाल्ला!”

म्हणजे बघा! आपली खुर्ची आपणच पुसायची, उंची जुळवून द्यायची, दुसऱ्याला तिच्यात बसायला शिकवायचं आणि या पुण्यकर्मासाठी दिवाळीही सोडायची!

बरं, झैद उर्मट असता तरी चाललं असतं. आळशी असता तर श्यामकांतने त्याला खांद्यावर घेऊन नाचवला असता! पण पोरगा निघाला गुणी. वेळेवर यायचा, एकदा सांगितलेलं परत विचारायचा नाही, आणि रोज सकाळी ‘सर, चहा’ म्हणून कप पुढे करायचा. रागाला धरायला कुठे टोकच नाही! श्यामकांतला त्याचाच जास्त राग यायचा.

दिवाळीच्या तोंडावर शारीक बहिणीच्या निकाहासाठी दापोलीला जाऊन आला. येताना त्याच्या बॅगेतून श्यामकांतचा फराळ आला. श्यामकांतच्या बायकोने, अहिल्येने, तो मुंबईपर्यंत आणून दिला होता. पाठोपाठ आईचा फोन आलाच. दमयंतीबाईंचा फोन म्हणजे हुकूमनामा.

“अनारसे केलेत रे! एकटा खात बसू नकोस. ऑफिसात वाट.”

“या लोकांना? आई, ह्यांनी मला सुट्टी नाही दिली!”

“म्हणूनच वाट! खाताना लाज वाटू दे मेल्यांना!”

ही कल्पना श्यामकांतला बेहद्द आवडली. सुडाचा फराळ! एकेक घास घशाखाली उतरेल आणि एकेक माणूस शरमेने खाली मान घालेल. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, कामाचा वार असूनही, कडक इस्त्रीचा झब्बा घालून तो ऑफिसात गेला. डबा टेबलावर आपटला आणि ओरडला, “हॅपी दिवाळी!” आवाज असा, की दोघांनी फायरचा दरवाजा कुठे आहे ते बघून घेतलं.

लाज कुणालाच वाटली नाही. भूक मात्र सगळ्यांना लागली. केरळचा मॅथ्यू दोन घेऊन पसार झाला. मुदीर आले, एक तोंडात टाकला, डोळे मिटले आणि “माशाल्ला!” म्हणाले. मग टिश्यूपेपर पसरून त्यात मूठभर अनारसे बांधले.

“माझ्या आईसाठी. तिला असलं काही आवडतं.”

“घ्या की!” श्यामकांत दात खाऊन म्हणाला. “तुमची आई जवळच असते ना!”

टोमणा साहेबांच्या पोटावर आपटून खाली पडला. साहेब खुशीत घरी गेले.

झैदने एक अनारसा हातात धरून उजेडात फिरवला. “सर, हे वर पांढरं बारीक बारीक काय आहे?”

“ते स्पेशल असतं. फक्त आमच्याकडे!”

झैदने त्याचा जवळून फोटो काढला आणि फोन कानाला लावून घाईघाईने बाहेर गेला.

इतक्यात गोदामातून शारीक वर आला. त्याने डबा पाहिला, त्यातला अनारसा पाहिला आणि त्याचा चेहरा नुसत्या भातासारखा झाला.

“श्याम... ही वर खसखस आहे काय रे?”

“मग? अनारशाला काय तीळ लावतात?”

“अरे मेल्या!” शारीकने त्याची बाही धरून त्याला झेरॉक्स मशीनमागे ओढलं. “खसखस हिते बंद आहे! अफूच्या बोंडातली ती! ड्रग्जमध्ये धरतात! लोक आत जातात लोक! आणि ती माझ्या बॅगेतून आली! माझ्या! एअरपोर्टवर त्या पोलिसाने मला विचारलं, यात काय आहे? मी म्हटलं, आईच्या हातची मिठाई! तो हसला रे माझ्याकडे बघून! मीही हसलो!”

“तू बॅगेत टाकताना बघायचं नाहीस?”

“काकूंच्या डब्यात हात घालू मी? तुला अक्कल नको? आठ वर्षं इथे राहतोस आणि दाढी करण्यापलीकडे काय केलंस?”

श्यामकांतला घाम फुटला. आणि मग त्याला आठवलं: झैदने फोटो काढला! जवळून! फोन लावत गेला! आता सगळा उलगडा झाला. गुणी पोरगा! चहा काय, ‘सर’ काय! एका फोटोत खुर्ची खाली, कंपनी हिरवी आणि श्यामकांत गजाआड! मिरज तर राहिलंच, इकामा म्हणजे इथे राहण्याचा परवानाही गेला!

“अनारसे परत द्या!” तो झेरॉक्सच्या मागून गरजत बाहेर आला. “सगळे! आत्ताच्या आत्ता!”

मॅथ्यूने घास थांबवला. “क्या हुआ भाई?”

“वापस दे!”

“आधा मुँह में है। निकालके दूँ क्या?”

“आधा दे!”

“दिवाली पे ऐसा कोई करता है? खिलाके वापस माँगता है! हमारे गाँव में दुश्मन भी नहीं करता!”

मॅथ्यूने उरलेला अर्धा मोठ्या दुःखाने परत केला. श्यामकांतने टेबलं धुंडाळली, ड्रॉवर उघडले, लिफ्टपाशी बसणाऱ्या गार्डच्या हातातला अनारसा तर त्याने घारीसारखा उचलला. एव्हाना ऑफिसभर बातमी झाली होती: सौदीकरणात श्यामची नोकरी गेली, डोकं फिरलं, आता दिलेलं-घेतलं वसूल करत सुटलाय!

कॉरिडॉरमध्ये झैद सापडला.

“कुणाला केलास फोन? खरं सांग!”

झैद घाबरला. “आईला, सर. तिला फोटो दाखवला. म्हटलं, सरांच्या आईने सणाचं पाठवलंय. तर ती विचारतेय, ते सणाला एकटेच आहेत का? आज आमच्याकडे जेवायला बोलाव म्हणाली.”

आता या मुलाचं काय करायचं? श्यामकांतचा राग उगारलेल्या हातासारखा हवेतच राहिला. त्याने झैदच्या हातातला अनारसा ओढून घेतला, “थँक यू!” असं ओरडला आणि पळाला.

राहिले ते साहेबांच्या आईचे.

शारीकने गाडी काढली. रस्ताभर गाड्यांची रांग मुंगीच्या लग्नाच्या वरातीसारखी सरकत होती आणि शारीक रस्ताभर बोलत होता.

“काय सांगणार आहेस त्यांना? खसखस आहे म्हणून?”

“वेडा आहेस? खराब झालेत म्हणून सांगतो.”

“व्वा! मुदीराच्या म्हातारीला खराब मिठाई खायला घातली! त्यापेक्षा आत गेलेलं बरं!”

“मग तू सांग!”

“मी गाडीत बसणार. माझी दोन पोरं आहेत.”

पण गाडीत बसायला मिळालं नाही. अबू फहद स्वतः दारात आले आणि दोघांनाही “तफद्दल, तफद्दल!” करत बैठकीच्या खोलीत घेऊन गेले. गालिच्यावर उशीला टेकून साहेबांच्या आई बसल्या होत्या. सुरकुतलेल्या, ठेंगण्या. मांडीवर टिश्यूपेपर. हातात अनारसा. दुसरा, कारण पहिला संपला होता!

कॉफी आली. आता तिकडची रीत अशी, की पुरे झालं हे सांगायला रिकामा कप हलवायचा. श्यामकांतचा हात इतका थरथरत होता की कॉफी ओतणारा नोकर कप देई आणि लगेच अदबीने परत घेई. असं तीनदा झालं. एक थेंब पोटात गेला नाही.

“श्याम, इतक्या लांब आलास? काय काम?” साहेबांनी विचारलं.

“ते... अनारसे.” श्यामकांत म्हणाला. “ते मला परत हवेत.”

शारीकने गालिच्यावरची नक्षी अभ्यासायला घेतली.

“परत?” साहेबांना वाटलं, आपलं इंग्रजी कच्चं. “कशासाठी?”

कारण सांगता येत नव्हतं. आणि कारण सांगता येत नसलं की माणूस खरं बोलतो! तीन दिवाळ्यांचा जमेला पडलेला राग एकदम खर्ची पडला.

“कशासाठी म्हणजे? माझ्या आईने केलेत ते! तुमच्या नाही! तांदूळ तीन दिवस भिजवते ती, गुडघे दुखत असताना चुलीपाशी बसते! कुणासाठी? माझ्यासाठी! आणि मी इथे बसून तुमच्या कंपनीचा रंग बदलतोय! माझी मुलगी सानिका फोनवर मला विचारते, बाबा, तुम्ही पाहुणे आहात का? आज लक्ष्मीपूजन आहे! मला नको तुमची कॉफी! माझे अनारसे द्या!”

आणि मग, मंडळी, कडक इस्त्रीच्या झब्ब्यातला तो बेचाळीस वर्षांचा गडी मुसमुसून रडायला लागला.

आजीबाईंनी मुलाकडे पाहिलं. शारीककडे पाहिलं. शारीकने खालच्या आवाजात श्यामकांतचं सगळं बोलणं अरबीत सांगितलं. आजीबाईंनी हातातला अनारसा टिश्यूमध्ये ठेवला, पुडी बांधली, श्यामकांतच्या ओंजळीत दिली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग वळून मुलावर असा काही तोंडाचा पट्टा सोडला, की एवढे मोठे मुदीर बघता बघता शाळकरी झाले. “हराम अलैक!” एवढं श्यामकांतला समजलं. शरम नाही का तुला! जे काम डबाभर फराळाने झालं नाही ते आजीबाईंनी एका दमात केलं.

साहेब कपाळ पुसत म्हणाले, “जा तू. महिनाभर घरी जा. पुढच्या आठवड्यात तपासणी आहे, ती झाली की तुझा जाऊन परत यायचा व्हिसा देतो. खलास!”

“पुढच्या आठवड्यात? दिवाळी तर परवा संपते...”

“आणि कामाची काळजी करू नकोस. झैद सगळं सांभाळेल. फार हुशार मुलगा!”

हे शेवटचं वाक्य नसतं तर तो सुट्टीचा आनंद निर्भेळ झाला असता.

गाडी कोपऱ्यावर गेल्यावर शारीकने करकचून ब्रेक मारला. “खा! सगळे खा! पुरावा ठेवायचा नाही!”

मग दोघांनी मॅथ्यूच्या उष्ट्या अर्ध्यासकट सगळे अनारसे खाल्ले. चिडून, घाईघाईने, औषध घेतल्यासारखे.

“करकरीत लागतंय रे,” शारीक तोंड भरून म्हणाला.

“गप खा!”

शेवटचा घास गिळून श्यामकांतने मिरजेला फोन लावला. “आई! खसखस का लावलीस? जेलमध्ये गेलो असतो आम्ही!”

“कुठली खसखस?” पलीकडून दमयंतीबाई शांतपणे म्हणाल्या. “रवा आहे तो.”

“काय?”

“जाड रवा! खसखशीला काय भाव आलाय माहितेय? म्हटलं, तिकडे वाळवंटात कुणाला कळणारे! आईच्या हातचं ओळखता येत नाही आणि ओरडतोस कसला?”

श्यामकांतने स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. स्टिअरिंग शारीकचं होतं, त्यामुळे हॉर्न वाजला आणि शेजारच्या गाडीवाल्याने दोघांना शिव्या दिल्या.

“बरं ते जाऊ दे. सुट्टी?” आईने विचारलं.

“मिळाली.” श्यामकांत खचलेल्या आवाजात म्हणाला. “तुळशीच्या लग्नाला पोचेन. साहेबांच्या आईने मिळवून दिली. तिला तुझे अनारसे फार आवडले.”

“अगंबाई! खरंच?” दमयंतीबाईंचा आवाज एकदम फुलला. “मग परत जाताना त्यांच्यासाठी मोठा डबा देते बांधून! आणि त्यांना काही रवा नको हो, बरं दिसत नाही. यावेळी चांगली पावशेर खसखस आणते. दोन्ही बाजूंनी लावते!”

शारीकने हळूच हात लांब करून फोन बंद केला.

“श्याम,” तो म्हणाला, “सौदीकरण वाईट नाही रे. तू मिरजेलाच राहा.”